पेंग्विनच्या तीन अंड्यांसाठी : हेन्री बॉवर्स यांची जीवनकथा



चरित्राच्या पानावर आपण बहुधा जिंकलेल्या माणसांविषयी वाचतो. या वेळी ज्यांची ओळख आम्ही करून देत आहोत ते ज्या शर्यतीत उतरले ती हरले आणि परतीच्या वाटेवर बर्फात मरण पावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ होते. हरलेल्या माणसाची गोष्ट मुलांना कशाला सांगायची, असे काही पालकांना वाटेल. आमच्यातही यावर दोन मते होती. पण हेन्री रॉबर्टसन बॉवर्स यांचे आयुष्य वाचत गेलो तसे आमचे म्हणणे एक झाले. शिवाय त्यांचे आपल्या देशाशी, आणि शेवटी पाहू तसे आपल्या या भागाशीही, एक नाते आहे.

बॉवर्स हे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पाच जणांपैकी एक. त्याआधी ते रॉयल इंडियन मरीन या दलात अधिकारी होते. हिंदुस्थान सरकारच्या या सागरी दलाचा मुख्य कारभार मुंबईहून चाले. १९३४ मध्ये याच दलाचे रॉयल इंडियन नेव्ही झाले आणि १९५० मध्ये भारतीय नौदल. म्हणजे आजच्या आपल्या नौदलाच्या पूर्वजाचा हा एक अधिकारी होता.

हेन्री यांचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील व्यापारी जहाजावर कप्तान होते आणि पूर्वेकडच्या समुद्रांत त्यांचे आयुष्य गेले होते. हेन्री तीन वर्षांचा असतानाच वडील रंगूनला वारले. दोन मोठ्या बहिणी आणि हा धाकटा, अशा तीन मुलांना आईने वाढवले. घरची परिस्थिती बेताची होती. १८९७ मध्ये हेन्री टेम्स नदीवरच्या ‘वुस्टर’ नावाच्या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला आणि पुढे ‘लॉख टॉरिडन’ या शिडाच्या जहाजावरून त्याने पृथ्वीला चार फेऱ्या मारल्या. मोठ्या शिडाच्या जहाजांचे ते शेवटचे दिवस होते. वाऱ्याच्या भरवशावर, महिनोन् महिने जमीन न पाहता केलेला तो प्रवास पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

१९०५ मध्ये ते रॉयल इंडियन मरीनमध्ये सब-लेफ्टनंट झाले. सिलोन, ब्रह्मदेश आणि इराणचे आखात या भागांत त्यांनी नोकरी केली. ब्रह्मदेशात इरावती नदीवर एक लहानशी तोफनौका त्यांच्या ताब्यात होती, तर आखातात चोरट्या बंदुकांचा व्यापार पकडण्याचे काम होते. हे काम ब्रिटिश साम्राज्याचे होते आणि बॉवर्स मनापासून त्या साम्राज्याचे होते, हेही आम्ही लपवत नाही. घामाने अंग निथळणाऱ्या त्या प्रदेशात हा माणूस फावल्या वेळी बर्फाच्या मुलखाची पुस्तके वाचत असे. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या आधीच्या मोहिमांचे वृत्तांत त्यांनी वाचून काढले. १९१० मध्ये स्कॉट नवी मोहीम काढत आहेत हे कळल्यावर, ध्रुवीय मोहिमांचे जुने पुरस्कर्ते सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी बॉवर्स यांचे नाव सुचवले. स्कॉट यांनी मुलाखतही न घेता त्यांना बोलावले.

लंडनला ‘टेरा नोव्हा’ जहाजावर बॉवर्स दाखल झाले तेव्हा पाहणारे बहुधा निराश झाले असतील. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, अंग गोल, केस तांबडे आणि नाक पोपटाच्या चोचीसारखे. त्या नाकामुळे त्यांचे नाव ‘बर्डी’ पडले ते कायमचे. त्यातच जहाजावर आल्या आल्या ते मालाच्या खणात सुमारे १९ फूट खाली कोसळले. लोकांनी डोकावून पाहिले तर हे गृहस्थ कपडे झटकत उभे! त्यांना फक्त कोळ्यांची भीती वाटे. हो, जाळे विणणाऱ्या कोळ्याचीच. बाकी कशाची नाही.

त्यांना काम मिळाले ते कोठीचे. आपल्याकडे लग्नकार्यात ज्याच्याकडे कोठीघराची किल्ली असते त्याचे महत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर दोन-तीन वर्षांचे अन्न, तेल, कपडे, दोर, खिळे या सर्वांचा हिशेब होता. कोणती पेटी जहाजात कुठे आहे हे बॉवर्स यांना तोंडपाठ असे. त्यांना खरे तर जहाजाबरोबर परत यायचे होते, पण न्यूझीलंड सोडेपर्यंत स्कॉट यांच्या लक्षात आले की या माणसाला किनाऱ्यावरच्या तुकडीत घेतल्याशिवाय चालणार नाही.

२९ नोव्हेंबर १९१० रोजी ‘टेरा नोव्हा’ने न्यूझीलंडचा किनारा सोडला. जहाज इतके लादलेले होते की सायबेरियातून आणलेली तट्टे, कुत्री, कोळसा, पेट्रोल असे सारे डेकवर दाटीवाटीने रचले होते. दोनच दिवसांत वादळाने गाठले. कोळशाची भुकटी आणि तेल यांचा चिखल होऊन पाणी उपसण्याचे पंप तुंबले आणि जहाजात पाणी चढू लागले. अधिकारी, शास्त्रज्ञ, खलाशी सगळे रांग करून बादल्यांनी पाणी उपसत होते. शेवटी लोखंडी भिंतीला भोक पाडून लेफ्टनंट एव्हन्स आणि बॉवर्स आत शिरले आणि पंपाच्या तोंडातला गाळ त्यांनी हातांनी काढला. लहान चण अशी कामाला येते. दोन तट्टे आणि एक कुत्रा या वादळात गेले, पण जहाज वाचले.

त्यानंतर सुरू झाला बर्फाचा समुद्र. ९ डिसेंबरला जहाज तरंगत्या हिमखंडांच्या पट्ट्यात शिरले आणि त्यातून बाहेर पडायला तीन आठवडे लागले. घाई असलेल्या स्कॉट यांना हा उशीर जाचत होता, पण जहाजावरच्या निसर्गप्रेमींना मात्र पर्वणी होती. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा. सूर्य मावळतच नाही. अशा वेळी त्या थंडगार पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते, त्यांवर कोळंबीसारखे दिसणारे क्रिल जगतात आणि क्रिलवर बाकी सगळा संसार चालतो. बर्फाच्या तुकड्यांवर सील सुस्त पडलेले असत. पांढरेशुभ्र हिमपाखरू, म्हणजे स्नो पेट्रेल, जहाजाभोवती घिरट्या घाली. देवमाशांचे फवारे दूरवर दिसत. आणि अडेली पेंग्विन! गुडघाभर उंचीचे हे पक्षी जहाज दिसले की धावत बघायला येत. कधी पोटावर घसरत, कधी पडत-धडपडत. जहाजावरच्या लोकांनी त्यांना गाणी म्हणून दाखवली तर ते थांबून ऐकत. मात्र ब्रिटिशांचे राष्ट्रगीत सुरू झाले की भराभर पाण्यात उड्या घेत, अशी गंमत मोहिमेतल्या लोकांनी लिहून ठेवली आहे. आम्हाला ही गोष्ट वाचून हसू आवरले नाही.

या पक्ष्यांकडे कसे पाहायचे हे बॉवर्स यांना शिकवले डॉ. एडवर्ड विल्सन यांनी. विल्सन हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि उत्तम चित्रकार. थंडीत बोटे बधिर होईपर्यंत डेकवर उभे राहून ते पक्ष्यांची चित्रे काढत. बॉवर्स त्यांचे चाहते झाले आणि दोघांची मैत्री शेवटच्या श्वासापर्यंत टिकली. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. हे लोक प्राणी पाहत होते तसे मारतही होते. सील आणि पेंग्विन हे त्यांचे ताजे मांस होते आणि चरबी हे इंधन. आज अंटार्क्टिकावर असे करता येत नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक करारापासून आणि त्यानंतरच्या नियमांनी तेथील प्राण्यांना संरक्षण मिळाले आहे. आता दरवर्षी लाखभर पर्यटक जहाजाने ते प्राणी पाहायला जातात. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, एका वेळी एका ठिकाणी शंभराहून अधिक माणसे नसावीत आणि पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहावे, असे दंडक पर्यटन कंपन्यांनी स्वतःला घालून घेतले आहेत. पेंग्विन मात्र हे दंडक पाळत नाहीत, ते आपणहून जवळ येतात!

मुलांचा एक नेहमीचा गोंधळ आहे, तोही दूर करू. पांढरी अस्वले उत्तर ध्रुवाकडे आणि पेंग्विन दक्षिणेकडे. चित्रांत दोघे शेजारी दिसले तरी प्रत्यक्षात त्यांची कधी गाठ पडत नाही.

४ जानेवारी १९११ रोजी जहाज रॉस बेटावर केप एव्हन्स येथे लागले. तिथे लाकडी घर उभे राहिले आणि लगेच पुढच्या प्रवासासाठी वाटेत अन्नाचे साठे ठेवण्याचे काम सुरू झाले. याच कामावरून परतताना बॉवर्स यांच्यावर जो प्रसंग आला तो आम्हाला साऱ्या चरित्रात सर्वांत थरारक वाटतो.

१ मार्चच्या पहाटे बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि टॉम क्रीन हे तिघे चार तट्ट्यांसह गोठलेल्या समुद्रावर मुक्काम करून होते. कसलासा आवाज आला म्हणून बॉवर्स तंबूबाहेर आले आणि पाहतात तो काय, सगळीकडे काळे पाणी! बर्फाचा थर फुटून तुकडे झाले होते आणि ते ज्या तुकड्यावर होते तो खुल्या समुद्राकडे वाहत निघाला होता. एक तट्टू आधीच नाहीसे झाले होते. घोडी सोडून तिघांनी उड्या मारत किनारा गाठला असता तर कोणी नाव ठेवले नसते. बॉवर्स यांनी तसे केले नाही. दोन तुकडे एकमेकांना लागेपर्यंत वाट पाहायची, मग तट्ट्यांना पलीकडे उडी मारायला लावायची, घसरगाड्या ओढून घ्यायच्या, पुन्हा थांबायचे, असे त्यांनी सुमारे सहा तास केले. भोवती ऑर्का म्हणजे शिकारी देवमासे जमले होते. त्यांचे उंच काळे पर पाण्यातून वर येत आणि मोठाली डोकी बर्फाच्या कडेवर उचलून ते आत काय आहे ते पाहत. बर्फावरच्या सीलला पाण्यात पाडण्याची त्यांची ही रीत आहे. रानातल्या ऑर्काने माणसाला मारून खाल्ल्याची खात्रीची नोंद आजही नाही, पण त्या पहाटे हे त्या तिघांना कोण सांगणार?

क्रीन तुकड्यातुकड्यांवरून उड्या घेत मदत आणायला गेला आणि संध्याकाळी स्कॉट येऊन पोचले. माणसे वाचली, सामानही वाचवले. दुसऱ्या दिवशी तट्ट्यांना काढण्याचा प्रयत्न झाला. चारपैकी एकच वाचले. पाण्यात पडून हतबल झालेल्या तट्ट्याला देवमाशांच्या तोंडी देण्यापेक्षा आपणच संपवणे बॉवर्स यांना भाग पडले. ज्यांना आपण खाऊपिऊ घातले त्यांच्यावर ही वेळ यावी याचे दुःख त्यांना फार झाले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना हे जास्त समजेल.

मग आला तिकडचा हिवाळा, चार महिन्यांची रात्र. या काळात बॉवर्स रोज सकाळी बाहेर जाऊन अंगाला बर्फ चोळून स्नान करीत. बाकीचे कानटोपीत गुरफटलेले असताना हे साधी फेल्टची हॅट घालून हिंडत. आपल्या आदिलाबादेत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर आला की शेकोट्या पेटतात. तो काही आमचा दोष नव्हे, पण बॉवर्स यांना ते दिवस उन्हाळ्याचे वाटले असते.

विल्सन यांच्या मनात एक प्रश्न घर करून होता. सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांतला सर्वांत मोठा, माणसाच्या कमरेच्या वर येणारा. त्याची एक वसाहत रॉस बेटाच्या दुसऱ्या टोकाला, केप क्रोझियर येथे, स्कॉट यांच्या पहिल्या मोहिमेत सापडली होती. वसंतात तिथे पिल्ले दिसली, म्हणजे हा पक्षी अंडी घालतो ती ऐन हिवाळ्याच्या अंधारात! कोणीही त्याला अंडी उबवताना पाहिले नव्हते. त्या काळी असे मानत की गर्भाच्या वाढीत त्या जातीचा सगळा इतिहास उमटतो आणि पेंग्विन हा फार जुन्या घडणीचा पक्षी आहे. तेव्हा त्याच्या अंड्यातला कोवळा गर्भ मिळाला तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांतून पक्ष्यांची पिसे कशी झाली याचा उलगडा होईल, अशी विल्सन यांची आशा होती. त्यासाठी हिवाळ्यातच जायला हवे होते. असा प्रवास आधी कोणी केला नव्हता. विल्सन यांनी सोबतीला दोघांना निवडले : बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड.

२७ जून १९११ रोजी तिघे निघाले. अंतर सुमारे १०८ किलोमीटर, म्हणजे आदिलाबादहून निर्मलच्याही बरेच पुढे. त्याला त्यांना १९ दिवस लागले. दोन घसरगाड्यांवर साडेतीनशे किलोच्या आसपास सामान. अतिथंडीत बर्फ वाळूसारखा होतो, त्यावर गाडी घसरत नाही. म्हणून एक गाडी पुढे न्यायची, मागे येऊन दुसरी न्यायची. काही दिवशी दिवसभर राबून दोन-तीन किलोमीटरच पुढे सरकत. पारा उणे ६० अंशांच्याही खाली गेला. घाम कपड्यांत गोठे. एकदा चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर येऊन मान वर करून पाहू लागले तर कपडे तसेच गोठले आणि मान वर केलेलीच राहिली. दात थडथडून फुटले. त्यांची नजर अधू, आणि त्या थंडीत चष्मा लावता येत नव्हता. झोपण्याच्या पिशव्या बर्फाने लाकडासारख्या कडक होत, आत शिरायलाच बराच वेळ लागे.

यातही बॉवर्स यांचा कोठीवाला जागा होता. पुढच्या ध्रुवयात्रेसाठी कोणता आहार चांगला हे ठरवायला तिघांनी बिस्किटे, लोणी आणि सुके मांस वेगवेगळ्या प्रमाणात खाऊन पाहिले आणि नोंदी केल्या. आपल्या पिशवीतले पिसांचे अस्तर त्यांनी वापरलेच नव्हते, ते त्यांनी कुडकुडणाऱ्या चेरी-गॅरार्डना देऊ केले. परतीच्या वाटेवर चेरी-गॅरार्डनी ते घेतले. तशा थंडीत ही देणगी लहान नव्हे.

केप क्रोझियरच्या उतारावर त्यांनी दगडांची झोपडी बांधली, वर कॅनव्हासचे छप्पर घातले. मग खाली, एकमेकांवर चढलेल्या बर्फाच्या प्रचंड लाटांमधून वाट काढत ते वसाहतीपर्यंत पोचले. आधी आवाज ऐकू आला, मग अंधुक उजेडात पक्षी दिसले. पूर्वी इथे हजारोंनी पक्षी पाहिले होते, आता शंभरच्या आसपास होते. सम्राट पेंग्विन घरटे करीत नाही. अंडे पायांवर घेतो आणि पोटाच्या कातडीची घडी त्यावर घालतो. आज आपल्याला माहीत आहे की अंडे घालून मादी समुद्राकडे जाते आणि नर दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहून ते उबवतो. तिघांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. ज्यांच्याकडे अंडे नव्हते असे काही पक्षी अंड्याएवढा बर्फाचा गोळाच पायांवर घेऊन उबवत उभे होते! हे वाचून आम्हाला त्या मुक्या पक्ष्यांची माया वाटली.

तिघांनी पाच अंडी घेतली. चढताना चेरी-गॅरार्ड यांच्या हातमोज्यांतली दोन फुटली. उरली तीन.

आणि मग वादळ आले. २२ जुलैला आधी तंबू उडून गेला. दुसऱ्या दिवशी झोपडीचे छप्पर फाटून चिंध्या झाल्या. तो दिवस विल्सन यांचा ३९ वा वाढदिवस होता. तिघे आपापल्या पिशव्यांत, अंगावर बर्फ साचू देत, पडून राहिले. तंबूशिवाय परत जाणे अशक्य हे तिघांनाही कळत होते. बॉवर्स आणि विल्सन भक्तिगीते म्हणत होते आणि मधूनमधून विल्सन बॉवर्सना ढोसून जिवंत आहेत ना ते पाहत होते. वारा पडल्यावर बॉवर्स शोधायला निघाले आणि उताराच्या खाली, अर्ध्या मैलावर, मिटलेल्या छत्रीसारखा तंबू त्यांना सापडला. तेव्हापासून परतीच्या वाटेवर ते तंबूचा दोर स्वतःला बांधून झोपत : तंबू गेला तर मीही जाईन, असा हिशेब! एवढे झाल्यावर पुन्हा एकदा पेंग्विनांकडे जाऊन येऊ असे त्यांनीच सुचवले. विल्सन नाही म्हणाले. आमच्या मते तेच बरोबर होते. धाडस बॉवर्स यांच्याकडे भरपूर होते, आवर घालणारा वडीलधारा माणूस जवळ होता म्हणून ते त्या वेळी वाचले.

१ ऑगस्टला ते घरी पोचले तेव्हा गोठलेले कपडे अंगावरून कापून काढावे लागले. सुमारे आठ किलोची चेरी-गॅरार्ड यांची पिशवी बर्फाने वीस किलोंची झाली होती.

त्या अंड्यांचे काय झाले? चेरी-गॅरार्ड यांनी १९१३ मध्ये ती लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात नेऊन दिली. तिथे कोणी फारसे स्वागत केले नाही, ताटकळत बसावे लागले. तपासणीचे काम एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आणि अहवाल छापून आला १९३४ मध्ये. निष्कर्ष असा की या गर्भांमुळे ज्ञानात फारशी भर पडत नाही. तोवर गर्भात इतिहास उमटतो हे मतच मागे पडले होते. मग तीन अंडी, पाच आठवडे आणि तीन जीव पणाला, हे सारे फुकट? आम्हाला तसे वाटत नाही. उत्तर नाही असे आले तरी ते उत्तरच असते. आणि अंडी उबवणारा सम्राट पेंग्विन माणसाने प्रथम पाहिला तो या तिघांच्या डोळ्यांनी. ती अंडी आजही संग्रहालयाने जपून ठेवली आहेत. त्या पक्ष्याचे सगळे आयुष्य समुद्रावरच्या बर्फाच्या थरावर चालते. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्राकाठी तो थर वेळेआधी फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली त्या वर्षीची पिल्ले जगली नाहीत, असे उपग्रहांच्या चित्रांवरून दिसले. ही पिल्ले जलरोधक पिसे येण्याआधी पाण्यात गेली तर वाचत नाहीत.

पुढची कथा पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट ध्रुवाकडे निघाले. शेवटच्या टप्प्यासाठी चौघांचा बेत होता, पण ऐन वेळी त्यांनी पाचवा म्हणून बॉवर्सना घेतले. बॉवर्स यांच्या स्की काही दिवसांपूर्वीच मागे ठेवलेल्या होत्या. बाकीचे चौघे स्कीवर आणि हे आखूड पायांचे गृहस्थ बर्फात पाय रोवत, असे जवळपास चार आठवडे ते चालले. दिशा काढण्याचे, हवामान नोंदण्याचे आणि शिध्याचे काम त्यांच्याकडेच होते. १६ जानेवारी १९१२ रोजी दूरवर काहीतरी काळे दिसले ते प्रथम बॉवर्सना. तो नॉर्वेच्या आमुन्सेन यांनी लावलेला झेंडा होता. ते १४ डिसेंबरलाच ध्रुवावर पोचले होते. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, हे पाच जण ध्रुवावर पोचले. त्यांचा जो प्रसिद्ध फोटो आहे तो दोरी ओढून काढला आहे. ती दोरी बॉवर्स यांच्या हातात आहे, निरखून पाहा.

परतताना आधी एडगर एव्हन्स गेले. मग कॅप्टन ओट्स, आपल्यामुळे इतरांना उशीर नको म्हणून, वादळात तंबूबाहेर निघून गेले. हे ओट्स हिंदुस्थानात महूच्या छावणीत होते, तिथूनच त्यांनी मोहिमेसाठी अर्ज केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून आपण महू ओळखतो. उरलेल्या तिघांना शेवटच्या तंबूपासून अन्नाचा मोठा साठा १८ किलोमीटर होता. मावल्याहून पैनगंगेचा पूल याहून लांब आहे. विल्सन आणि बॉवर्स तेल आणायला पुढे जाणार होते, पण वादळ थांबले नाही. स्कॉट यांची शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

त्यांचा शोध घ्यायला जी तुकडी गेली तिच्याबरोबर हिंदुस्थान सरकारने दिलेली सात खेचरे होती. सिमल्याला शिकवून तयार केलेली. त्यांची नावे तेथे तशीच राहिली : लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. स्कॉट मध्ये, एका बाजूला विल्सन, दुसऱ्या बाजूला बॉवर्स, झोपल्यासारखे. तंबू त्यांच्यावर उतरवून वर बर्फाचा ढीग रचला आणि क्रॉस उभा केला.

तंबूजवळच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. बिअर्डमोर हिमनदीच्या काठी विल्सन आणि बॉवर्स यांनी ते गोळा केले होते. अंगात त्राण नसतानाही ते टाकून दिलेले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या जुन्या झाडाच्या पानांचे ठसे निघाले. म्हणजे त्या बर्फाच्या खंडावर एके काळी झाडे होती. हीच पाने आपल्याकडे गोदावरी आणि वर्धा यांच्या खोऱ्यांतल्या कोळशाच्या थरांत सापडतात, कारण तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते गोंडवाना, गोंडांच्या मुलखावरून. केसलापूरला नागोबाच्या जत्रेला जमणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या नावाचा हा दगड बॉवर्स शेवटच्या मुक्कामापर्यंत ओढत होते.